स्वदेशीचा संकल्प आणि स्थलांतराचे नियोजन

(शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि सेवाप्रकल्प यांच्या कार्यालयप्रमुखांसाठी पुण्यात झालेल्या एकदिवसीय अभ्यासवर्गात, संस्थेचा ई-मेल व सामायिक कार्यालयीन व्यवस्था एका क्लाउड-सेवेतून दुसऱ्या सेवेत कशी न्यावी, या विषयावर झालेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वार्ता पाठोपाठ आल्या आणि आपल्या अनेक संस्थांमध्ये उत्साहाचे वारे संचारले. पहिली वार्ता केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची. त्यांचा ई-मेल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीने उभारलेल्या व्यवस्थेवर नेण्यात आला. दुसरी वार्ता गृहमंत्री अमित शाह यांनी त्याच कंपनीच्या सेवेवरील आपला नवा ई-मेल पत्ता ८ ऑक्टोबर रोजी जाहीर केल्याची. त्यानंतर मला आलेल्या दूरध्वनींचा आशय एकच होता : "आम्हालाही बदलायचे आहे. येत्या रविवारी करून टाकू का?"

हा उत्साह मला मोलाचा वाटतो. परंतु 'येत्या रविवारी' या दोन शब्दांची मला धास्ती वाटते. संकल्प एका क्षणात होतो. तो सिद्धीस जातो तो अनेक दिवसांच्या नियोजनाने. ज्या सरकारी स्थलांतराचे आपण कौतुक करतो, त्याचे कंत्राट २०२३ साली सात वर्षांसाठी दिले गेले होते. वृत्तपत्रात बातमी आली तेव्हा दोन वर्षांचे काम मागे पडले होते. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. या साऱ्या उलाढालीत कर्मचाऱ्यांचे पत्ते सरकारच्या स्वतःच्या डोमेनवरच राहिले. घराची बांधणी बदलली, दारावरची पाटी तीच राहिली. आज जे सांगायचे आहे त्याचे बीज या एका गोष्टीत आहे.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही

प्रथम, बदल कशासाठी, हे स्वतःशी स्पष्ट करू या. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. त्यात रशियन भागभांडवल आहे, हे कारण. ते निर्बंध भारत सरकारचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीची ई-मेल व सामायिक कामकाजाची सेवा थांबवली. पैसे भरलेले, परवाने घेतलेले, आणि स्वतःचीच पत्रे स्वतःला उघडता येईनात! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण त्या काही दिवसांनी जो धडा दिला, तो वर्षभराच्या व्याख्यानांनी दिला नसता. भारतभूमीवर, भारतीय कायद्याप्रमाणे चालणाऱ्या उद्योगाचे दप्तर परदेशातील निर्णयाने कुलूपबंद होऊ शकते.

आपल्या संस्थांवर कोणी निर्बंध लादणार नाही, हे खरे. परंतु अटी बदलतात. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२१ साली आटोपती घेतली आणि जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेसाठी मूळ मर्यादा १०० टेराबाइट केली. अमर्याद म्हणून वर्गांची चित्रफीत साठवत बसलेल्या विद्यापीठांना आवराआवर करावी लागली. त्यात अन्याय झाला असे मी म्हणत नाही. घर ज्याचे, अटी त्याच्या. म्हणूनच दप्तर कोणाच्या घरात ठेवायचे हा विचार करावा लागतो. संस्थेची पत्रे, ठराव, देणगीदारांच्या याद्या, मुलांच्या नोंदी ही संस्थेची स्मृती आहे. स्मृती ज्याच्या हाती, त्याच्या हाती संस्थेचे स्वत्वही थोडे जातेच.

आमची फसलेली विजयादशमी

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या शिक्षणसंस्थेने असाच निश्चय केला आणि मुहूर्त धरला विजयादशमीचा. सीमोल्लंघनाला याहून उत्तम दिवस कोणता? आदल्या रात्री जुनी सेवा बंद केली, सकाळी नवी सुरू केली, पेढे वाटले. सायंकाळपर्यंत सारे आलबेल वाटत होते.

आमच्या वसतिगृहासाठी एक वेगळा पत्ता होता. तो स्वतंत्र मेलबॉक्स नव्हता, अधीक्षकांच्या खात्याला जोडलेले ते केवळ एक पर्यायी नाव होते. मी खात्यांची यादी केली होती, पर्यायी नावांची केली नव्हती. नऊ दिवस त्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र परत जात होते, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यात एक पत्र शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटी कळवणारे होते, उत्तराची मुदत सात दिवसांची. दोन मुलींचे अर्ज होते. कळल्यावर धावपळ केली. एकीचा अर्ज हातापाया पडून मार्गी लागला, दुसरीचा बाद झाला. तिचे त्या वर्षीचे शुल्क आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून भरले. ती मुलगी काही बोलली नाही. तिचे वडील, शेतमजूर माणूस, मला म्हणाले, "साहेब, कागद तर आम्ही वेळेवर दिले होते." या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

दोष जुन्या सेवेचा नव्हता, नव्या सेवेचाही नव्हता. दोष माझा होता. आणि त्याहून मोठी हानी अशी की, पुढे कित्येक महिने कार्यालयात "स्वदेशीच्या नादात गोंधळ झाला" असे ऐकावे लागले. लक्षात ठेवा, आपण ढिसाळपणे केलेले स्थलांतर केवळ पत्रे हरवत नाही, तत्त्वाचीही बदनामी करते.

आधी पाटी आपल्या नावावर

आता पद्धत सांगतो. पहिली पायरी डोमेनची. आजही आपल्यातील कित्येक संस्थांचा पत्ता एखाद्या फुकट सेवेवरचा असतो, तो कुणा तत्कालीन चिटणीसांनी उघडलेला असतो आणि त्याला त्यांचाच भ्रमणध्वनी जोडलेला असतो. चिटणीस बदलतात, कधी दिवंगत होतात, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. म्हणून सेवा बदलण्याआधी संस्थेच्या नावाचे डोमेन घ्या. ते कोणा व्यक्तीच्या वा संगणक पुरवणाऱ्या दुकानदाराच्या नावे नको, संस्थेच्या नावे हवे. नूतनीकरणाची तारीख विश्वस्तांच्या कार्यवृत्तात नोंदवा. डोमेन आपले असेल तर सेवा दहादा बदलता येते आणि जगाला कळतही नाही. डोमेन आपले नसेल तर प्रत्येक बदलात प्रत्येक देणगीदाराला, बँकेला, शासकीय कार्यालयाला नवा पत्ता कळवत बसावे लागते.

मोजदाद

दुसरी पायरी मोजदादीची. नियोजनाचा अर्धा वेळ येथे घालवा, वाया जात नाही. खाती किती, पर्यायी नावे किती, एकाच वेळी अनेकांना जाणारे गटपत्ते कोणते, कोणत्या खात्याचे पत्र आपोआप दुसरीकडे पाठवले जाते, सामायिक दिनदर्शिका कोणत्या, संपर्कयाद्या कोणाकडे, हे सारे कागदावर उतरवा.

नंतर अशी पत्रे शोधा की जी माणूस पाठवत नाही. लेखा-प्रणाली शुल्काच्या पावत्या पाठवते. संकेतस्थळावरील अर्ज पोचपावती पाठवतो. कार्यालयातील स्कॅनर कागद स्कॅन करून ई-मेलने पाठवतो. या सर्वांच्या पोटात जुन्या सेवेचा पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला असतो. ती यंत्रे तक्रार करत नाहीत, मुकाट्याने थांबतात. तसेच बँकेचे, आयकराचे, भविष्यनिर्वाह निधीचे ओळखसंकेत कोणत्या ई-मेलवर येतात तेही लिहून ठेवा.

आणि काय न्यायचे नाही, तेही ठरवा. वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आज कशाला हव्यात? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. गरज संपलेली माहिती बाळगणे ही आता केवळ अडगळ नाही, ती जबाबदारी आहे. घर बदलताना आपण माळा आवरतो, तसेच हे.

पत्रे जातात, बाकीचे मागे राहते

तिसरी पायरी प्रत्यक्ष नक्कल करण्याची. येथे अनेकांचा समज असतो की एक कळ दाबली की सर्व काही जाते. आयमॅप या सर्वसाधारण मार्गाने फक्त पत्रे जातात. दिनदर्शिका आणि संपर्कयादी वेगळ्या न्याव्या लागतात. जीमेलमध्ये एका पत्राला तीन लेबले लावलेली असतील तर फोल्डरच्या पद्धतीने चालणाऱ्या सेवेत त्याच्या तीन प्रती होऊ शकतात, मग जागा अपुरी पडते. वेगालाही मर्यादा असते. जीमेलच्या खात्यातून या मार्गाने दिवसाला सुमारे अडीच गिगाबाइटच उतरवता येतात. ज्या मुख्याध्यापकांचे खाते तीस गिगाबाइटचे आहे, त्यांच्या एकट्याच्या पत्रांना बारा दिवस लागतील. 'येत्या रविवारी' का होत नाही, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

सामायिक दस्तऐवजांचे प्रकरण त्याहून नाजूक. गूगलमधील लेख वा तक्ता उतरवून घेतला की तो दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रूपांतरित होतो. मजकूर येतो, पण आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास येत नाही. क्लिष्ट सूत्रांचे तक्ते उघडून तपासावे लागतात. ऑनलाइन अर्ज नव्या सेवेत नव्याने बांधावे लागतात. कोणाला काय पाहता येते याची परवानगी पुन्हा द्यावी लागते, आणि जुन्या पत्रांत दिलेले दुवे जुन्या घराकडेच बोट दाखवत राहतात. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या वीस-पंचवीस महत्त्वाच्या दस्तांची यादी द्यावी आणि ते एकेक उघडून पाहावेत.

आपल्या मराठी कार्यालयांना आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची आपली पत्रे वेगवेगळ्या खासगी फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तो फॉन्ट नव्या व्यवस्थेत नसला की ठरावाच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. अशा महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत फॉन्ट असलेल्या जुन्या संगणकावरच करून घ्या. युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करा, स्थलांतराच्या घाईत नको.

बदलाचा दिवस

चौथी पायरी प्रयोगाची. प्रथम पाच-सात जणांना नव्या सेवेवर न्या. त्यांत उत्साही तरुणच नकोत. निवृत्तीला आलेले हेडक्लार्क हवेत, कारण कार्यालय खरोखर कसे चालते ते त्यांनाच ठाऊक असते. पंधरा दिवस त्यांच्या अडचणी लिहून घ्या, आणि त्या सुटल्यावरच पुढचा गट हलवा.

मग बदलाचा दिवस ठरवा. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा, लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा यांच्या आसपासचा काळ टाळा. डोमेनच्या नोंदींपैकी एमएक्स नावाची नोंद जगाला सांगते की या संस्थेचे टपाल कोठे टाकावे. प्रत्येक नोंदीला एक कालावधी असतो, तेवढा वेळ जग जुनी माहितीच खरी मानते. तो चोवीस तासांचा असेल तर दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणा, म्हणजे बदल लगेच पसरेल आणि काही चुकले तर परतही फिरता येईल. आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सेवेला आहे, ते एसपीएफची नोंद सांगते. ती डोमेनला एकच असावी. जुनी ठेवून शेजारी दुसरी जोडली की दोन्ही निकामी होतात. पत्रावरील मोहोर म्हणजे डीकेआयएम, आणि मोहोर खोटी निघाल्यास काय करावे हे सांगणारी नोंद म्हणजे डीमार्क. या तिन्ही नोंदी नीट नसतील तर आपली पत्रे समोरच्याच्या कचरापेटीत जाऊन पडतात.

शुक्रवारी सायंकाळी बदल करा. मधल्या काळात जुन्या पेटीत आलेली पत्रे पुन्हा एकदा नकलून घ्या. शनिवारी यादीतील प्रत्येक पत्त्यावर बाहेरून पत्र पाठवून पाहा. पर्यायी नावांवरही पाठवा, हे मी का सांगतो ते आपण ऐकलेच आहे. सोमवारी सकाळी मदतीला माणूस कार्यालयात हजर हवा, दूरध्वनीवर नव्हे. आणि जुनी सेवा किमान तीन महिने चालू ठेवा. एकदा खाते काढून टाकले की परत मिळवण्यास गूगलकडे वीस दिवस असतात, मायक्रोसॉफ्टकडे तीस. त्यानंतर पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही. तीन महिन्यांचे दुहेरी भाडे जड वाटेल, पण हरवलेल्या एका पत्राची किंमत मी मघाशी सांगितली.

जर्मनीतील दोन अनुभव

हा केवळ आपल्यापुढचा प्रश्न नाही. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली मायक्रोसॉफ्टची व्यवस्था सोडून मुक्त स्रोताच्या प्रणालीकडे जाण्याचा मार्ग धरला. दशकभरात सुमारे पंधरा हजार संगणक हलले. जगभर वाहवा झाली. परंतु कर्मचाऱ्यांची नाराजी राहिली, बाहेरच्या कार्यालयांशी दस्तांची देवाणघेवाण अडखळत राहिली, महापौर बदलले, आणि २०१७ साली नगरसभेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकीय पाठबळ आणि बाबूंची सवय या दोन्हींना गृहीत धरले तर चौदा वर्षांचे कष्टही मागे फिरतात.

त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने दुसरा पाठ दिला. त्यांनी सर्व काही एकदम हलवले नाही. आधी कार्यालयीन लेखनाची प्रणाली, मग ई-मेल, असा क्रम धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये चाळीस हजारांहून अधिक मेलबॉक्स आणि दहा कोटींहून अधिक पत्रे व दिनदर्शिकेतील नोंदी यांचे स्थलांतर सुमारे सहा महिन्यांत पूर्ण झाल्याचे त्या राज्याने जाहीर केले. मध्यंतरी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, न झाल्या असे नाही. परंतु काम टप्प्याटप्प्याने चालले होते, म्हणून ते थांबले नाही. स्वत्वाची जाणीव केवळ आपल्यालाच आहे असे समजण्याचे कारण नाही. इतर देशही तीच वाट चालत आहेत, आणि त्यांच्या ठेचांवरून शिकणे शहाणपणाचे.

स्वदेशी दारालाही बाहेरची वाट

आता आपल्याच लोकांना थोडे कडू वाटेल असे बोलतो. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून जे उभे केले, तेन्काशीसारख्या ग्रामीण भागातील तरुणांना जागतिक दर्जाच्या कामाशी जोडले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु अभिमान हा करार नव्हे. स्वदेशी कंपनीलाही तेच प्रश्न विचारा : आमची माहिती भारतात राहील का? तिच्या प्रती कोठे असतील? सेवा बंद पडली तर जबाबदारी कोणाची? आणि उद्या आम्ही निघायचे ठरवले, तर आमची सर्व पत्रे व दस्त प्रचलित स्वरूपात, पूर्णांशाने, किती दिवसांत परत द्याल? यांची लेखी उत्तरे घ्या. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही ते घर आपल्या माणसाचे असले तरी बंदिवासच. स्वावलंबन म्हणजे निवडीचा अधिकार आपल्या हाती असणे. आणि तो हाती राहावा म्हणून दर महिन्याला एक संपूर्ण प्रत आपल्या कार्यालयातील स्वतंत्र डिस्कवर ठेवा. सहा महिन्यांतून एकदा तीतले एखादे पत्र उघडूनही पाहा. न तपासलेली प्रत ही प्रत नसते, समजूत असते.

रायगडाचा आदर्श

शेवटी आपल्याच इतिहासाकडे वळतो. रायरीचा गड १६५६ साली स्वराज्यात आला. शिवछत्रपतींनी राजधानी दुसऱ्या दिवशी हलवली नाही. राजगडावरून कारभार चालू राहिला. रायगडावर तलाव, टाकी, वाडे, कोठारे, बाजारपेठ उभी राहिली, आणि १६७४ साली तेथे राज्याभिषेक झाला. सिंहासन बसण्यापूर्वी पाण्याची सोय झाली होती! त्यानंतरही महाराज थांबले नाहीत. कारभारातील परकीय शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी सिद्ध करवला, कारण केवळ गड जिंकून स्वराज्य पुरे होत नाही, ते दप्तरात उतरावे लागते, हे त्या द्रष्ट्या राजाला ठाऊक होते.

त्या गडाची बांधणी करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे. कळसावर नव्हे, पायरीवर. आपल्या संस्थेत हे स्थलांतर करणारा कार्यकर्ताही असाच असतो. सारे सुरळीत झाले तर सोमवारी सकाळी कोणाला काही बदलल्याचे जाणवतही नाही, आणि त्याचे नावही कोणी घेत नाही. न घेवोत. वसतिगृहातल्या मुलीचे पत्र वेळेवर पोहोचले, एवढे त्याला पुरेसे असावे.

आज आपण येथून जाताना रविवारचा मुहूर्त घेऊन जाऊ नका, एक कोरी वही घेऊन जा. तिच्या पहिल्या पानावर संस्थेचे सर्व पत्ते लिहा, पर्यायी नावांसकट. संकल्पाचा आरंभ तेथून होतो.



भारत माता की जय!